पगार किती ते मग, पगार येतो कुठून ते आधी

सेलूच्या माझ्या भाचीच्या हातात सिव्हिलची पदवी येऊन चार महिने झाले आणि एकाच आठवड्यात तिला चार ठिकाणांहून होकार आला. छत्रपती संभाजीनगरातला एक बिल्डर, शेंद्र्याकडे कारखान्यांची शेड बांधणारा एक गुत्तेदार, बीड बायपासवर फ्लॅट आणि प्लॉट विकणारं एक ऑफिस, आणि पुण्यातली एक मोठी बांधकाम कंपनी. बिल्डर म्हणाला 30 हजार. गुत्तेदार म्हणाला 25, "पण रोख हिशेब, काटछाट नाही". विक्रीवाले म्हणाले 18 आणि वर इन्सेंटिव्ह, "त्याला लिमिटच नाही". पुण्याचे 34. तिनं चारही आकडे वहीच्या एका पानावर मोठ्याकडून लहानाकडे लिहिले आणि मला फोटो पाठवला. खाली एक ओळ: "मामा, कोणती धरू?"

हे चार आकडे एका रांगेत बसतच नाहीत, एवढं सांगायला मला पाऊण तास लागला. तेच इथं लिहितो. जालना, परभणी, बीड, नांदेडकडची कितीतरी पोरं-पोरी निकाल लागला की हाच हिशेब करतात आणि बहुतेक जण मोठा आकडा बघून पाय टाकतात.

बिल्डरचे 30 हजार म्हणजे सीटीसी: तिच्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा सगळा खर्च, भागिले बारा. गुत्तेदाराचे 25 म्हणजे एक बोली, तिला कागद नाही. विक्रीवाल्यांचे 18 हा तळ आहे आणि छत कुणी पाहिलेलं नाही. पुण्याचे 34 हाही सीटीसीच, पण दुसऱ्या गावच्या भावात. कापूस क्विंटलनं मोजतात, दूध लिटरनं, जमीन गुंठ्यानं. नुसते आकडे शेजारी ठेवून कुणाचं पीक चांगलं आलं ते ठरत नाही.

30 हजारांची फोड

बिल्डरच्या पत्रात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तक्ता होता. मूळ पगार 15,000. घरभाडं आणि इतर भत्ते मिळून 9,979. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, 721. आणि 'परफॉर्मन्स पे' 2,500, तो मात्र दरमहा नाही, वर्षातून एकदा दिवाळीला. बेरीज बरोबर 30,000.

बँकेत दर महिन्याला काय पडणार? कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि दिवाळीचा भाग बाजूला काढला की उरतात 24,979. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ, मूळ पगाराच्या 12 टक्के म्हणजे 1,800 जाणार. राहिले 23,179. व्यवसाय कर तिला लागणार नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना दरमहा 25,000 रुपयांपर्यंत तो माफ आहे. तिच्या जागी भाचा असता तर आणखी 200 गेले असते, फेब्रुवारीत 300. थोडक्यात, 30 हजारांची नोकरी, खर्चायला 23 हजार.

ऐकून ती चिडली. पण यात फसवाफसवी नाही. पीएफचे पैसे तिचेच आहेत. कंपनीच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि 550 पीएफमध्ये. तिचे 1,800 पूर्ण पीएफमध्ये. खरी पारख करायची ती 721 आणि 2,500 या दोन आकड्यांची. ग्रॅच्युइटीचा नियम साधा आहे: शेवटच्या वेतनाचे पंधरा दिवस, महिना 26 दिवसांचा धरून, गुणिले नोकरीची वर्षं. पण कायम नोकरीत ती मिळते पाच वर्षं भरल्यावर. बांधकामात एका मालकाकडे पाच वर्षं टिकणारे इंजिनिअर मी फार पाहिले नाहीत, म्हणून बहुतेकांच्या बाबतीत ते 721 कागदावरच राहतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तुमचं पत्र कायम नोकरीचं आहे की मुदतीच्या कराराचं, हे म्हणून नीट वाचायचं. त्याच संहितेत आणखी एक गोष्ट आहे: भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेला, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ पगार सात-आठ हजार दाखवून बाकी सगळं 'स्पेशल अलाउन्स'मध्ये ढकलायची जुनी युक्ती त्यामुळे आता तितकी चालत नाही.

दिवाळीच्या 30,000 बद्दल एकच प्रश्न विचारायचा: मागच्या दिवाळीला किती जणांना पूर्ण मिळाले? हा प्रश्न एचआरला विचारून उपयोग नाही. साइटवरच्या सुपरवायझरला चहा पाजून विचारायचा.

आता गुत्तेदाराचे 25. तो म्हणाला, "पगारपत्रक वगैरे नसतं आपल्याकडं, कन्सल्टंट म्हणून दाखवू." म्हणजे कायद्याच्या नजरेत ती नोकर नाही, सेवा देणारी व्यावसायिक झाली. वर्षाला 50,000 च्या वर असं शुल्क दिलं की देणाऱ्यानं 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापायचा असतो. काटछाट नाही म्हणणाऱ्याच्या 25 मधले 2,500 तिथंच गेले. वर्षाचं उत्पन्न 3 लाख, नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही, म्हणून विवरणपत्र भरलं तर कापलेले 30,000 परत येतात. पुष्कळ पोरं ते भरतच नाहीत. कन्सल्टंटला पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि सेंटरिंगच्या फळीवरून पाय घसरला तर दवाखान्याचं बिल आपलं.

दोन्ही वर्षभरावर मांडू. बिल्डरकडे बँकेत 2,78,148 आणि पीएफ-पेन्शनमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून 43,200. दिवाळी बुडाली असं धरलं तरी 3,21,348. गुत्तेदाराकडे 3,00,000, तेही बाराच्या बारा महिने मिळाले तर.

सगळी गोम त्या 'बाराच्या बारा' मध्ये आहे.

स्लॅब पडला की पगार

माझी पहिली नोकरी एका बिल्डरकडे होती. पगाराची तारीख विचारली की अकाउंटंट वरच्या मजल्याकडे बोट करायचा. "स्लॅब पडला की पगार." मला ती थट्टा वाटली. पुढं तीन महिने बिनपगारी काढले तेव्हा कळलं, तो माणूस अकाउंटचा नियम सांगत होता.

बिल्डरकडे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. फ्लॅटच्या नमुना करारनाम्यात टप्पे ठरलेले असतात: करारनाम्याआधी 10 टक्के, करारनामा झाल्यावर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की 45 पर्यंत, सगळे स्लॅब पडेपर्यंत 70, मग भिंती-गिलावा, नळजोडणी, लिफ्ट असं करत शेवटचा भाग ताब्याच्या वेळी. एक स्लॅब पडला की ग्राहकांना मागणीपत्रं जातात, गृहकर्ज देणारी बँक बांधकाम बघून रक्कम सोडते, आणि मग पैसा येतो. म्हणजे आवक ढेकळाढेकळानं आणि पगार दरमहा. मधलं अंतर मालक स्वतःच्या भांडवलातून किंवा कर्जातून भरून काढतो. ज्याचं भांडवल दांडगं, त्याच्याकडे पगार पाच तारखेला. ज्याचा जीव एकाच स्कीममध्ये अडकलाय, त्याच्याकडे तुमचा पगार खरोखर चौथ्या मजल्यावर टांगलेला असतो.

स्लॅब अडवणारी प्रत्येक गोष्ट मग पगार अडवते. पावसाळ्यात नदीतला वाळू उपसा बंद. उन्हाळ्यात पाणी. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. जिथं प्यायलाच नाही तिथं क्युरिंगला, म्हणजे ताज्या काँक्रीटवर मारायला, कुठून आणणार? मराठवाड्यात बांधकामातली नोकरी धरताना साइटवर बोअर आहे की टँकर, हे विचारणं म्हणजे पगाराचीच चौकशी करणं आहे.

यात एक बारकावा आहे, तो नोकरीवाल्यांना कुणी सांगत नाही. रेरा या घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानं ग्राहकांकडून आलेल्या रकमेतला 70 टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. तो फक्त जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठी काढता येतो, तोही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांनी काम किती झालं त्याचे दाखले दिल्यावर. साइटवरचे पगार या बांधकाम खर्चात धरले जातात. जाहिरात, दलाली, विक्री ऑफिसचा खर्च मात्र उरलेल्या 30 टक्क्यांतून भागवायचा. म्हणून बुकिंग थंडावलं की आधी झळ बसते ती टेलिकॉलर आणि सेल्सच्या पोरांना. साइट इंजिनिअरचा पगार उशिरा होतो. सेल्सवाल्याची नोकरीच जाते. एकाच मालकाच्या दोन नोकऱ्या इतक्या वेगळ्या असू शकतात.

गुत्तेदाराची गोष्ट निराळी. त्याचा पैसा बिलातून येतो. काम मोजायचं, बिल लावायचं, तपासणी झाली की रक्कम सुटायची, आणि त्यातलाही काही भाग रिटेन्शन म्हणून काम संपेपर्यंत अडकून राहायचा. सरकारी रस्ते-इमारतींचा गुत्तेदार असेल तर मार्च हा त्याचा दिवाळीचा महिना. निधी अडकला तर वर्षभर वाट बघणं. कारखान्यांची कामं करणाऱ्याचं बरं असतं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक ही सुमारे 10,000 एकरांची औद्योगिक नगरी आहे, तिथले कारखानदार बिलं सहसा लटकवत नाहीत. अडचण अशी की शेड सहा-आठ महिन्यांत उभी राहते आणि मग तुम्ही मोकळे. भाचीला म्हटलं, त्याला पगार विचारू नकोस, पुढची साइट कोणती ते विचार. त्यानं उत्तर दिलं, "बघू की." झालं, उत्तर मिळालं.

ग्राहकासाठीची वेबसाइट, नोकरीवाल्याच्या कामाची

महारेरा म्हणजे रेरा कायदा राबवणारं महाराष्ट्राचं प्राधिकरण. त्याची वेबसाइट फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे असं सगळे समजतात. 1 मे 2017 पासून हे प्राधिकरण आहे, आणि 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. पण घर घेणारा वीस वर्षांचं कर्ज गुंतवतो आणि आपण आपली उमेदीची वर्षं गुंतवतो. मग ते पान आपणही वाचावं की.

बिल्डरच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक असतो. तो टाकला की प्रकल्पाचं पान उघडतं. पहिल्यांदा पूर्ण होण्याची तारीख बघायची: मूळ कोणती होती, आता वाढवून कोणती केलीय. एकदा वाढली तर समजू शकतो. दोनदा-तीनदा वाढलेली दिसली तर तिथले पगारही तसेच पुढं ढकलले जात असतील असं समजायला हरकत नाही. मग एकूण घरं किती आणि बुक किती. साठातली पंचावन्न बुक असून काम जोत्यावरच असेल तर पैसा आला आणि कुठंतरी गेला. साठातली आठच बुक आणि तीन स्लॅब पडलेले असतील तर मालक स्वतःच्या जोरावर बांधतोय. तो दमदार आहे की लवकरच दमणार आहे, ते त्याचे आधीचे प्रकल्प बघून ठरवायचं. जमिनीवर बोजा कुणाचा, कोर्टात दावे आहेत का, तेही तिथंच दिसतं. प्रकल्पाचा इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांची नावंही असतात. त्यांच्यापैकी कुणी आपल्या कॉलेजच्या वाटेनं ओळखीचं निघालं, तर एका फोनमध्ये एचआरच्या तीन मुलाखतींइतकं कळतं.

प्रगतीची माहिती बिल्डरला दर तिमाहीला भरावी लागते. 2023 मध्ये ती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेरानं स्थगित केली होती. नोंदणी स्थगित म्हणजे जाहिरात बंद, विक्री बंद, आणि आता तुम्हाला पुढचं कळतंच.

दुसरी जागा पीएफची. ईपीएफओ म्हणजे पीएफ सांभाळणारी सरकारी संघटना, तिच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, हे दिसतं. त्याला लॉगिन लागत नाही. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचा असतो. जो मालक मार्चचा जूनमध्ये भरतो, त्याच्याकडे पगाराची तारीख काय असेल ते विचारायची गरज नाही. आणि मुलाखतीत "आमच्याकडे दीडशे लोक आहेत" म्हणणाऱ्याचे पीएफ खात्यात बावीस निघाले, तर उरलेले सगळे 'कन्सल्टंट' आहेत.

एक विनोदी गोष्ट सांगतो. भाचीनं हे सगळं मोबाइलवर बघितलं आणि मला म्हणाली, "मामा, लग्नाचं स्थळ बघताना पण एवढं बघत नाहीत." मी म्हटलं, बघायला पाहिजे.

अठरा आणि 'वर लिमिटच नाही'

विक्रीच्या नोकरीला आमच्याकडे उगाच नाकं मुरडतात. चांगला सेल्सवाला साइट इंजिनिअरच्या दुप्पट घरी नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण इन्सेंटिव्हच्या टक्क्यापेक्षा तो कधी मिळतो ते महत्त्वाचं. टोकन आलं की? करारनामा नोंदला की? की बँकेचा पहिला हप्ता सुटला की? नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे टोकनवर इन्सेंटिव्ह देणारा मालक दुर्मीळच, आणि करारनाम्यावर देणारा शहाणा. 'ताबा दिल्यावर' म्हणणाऱ्याला हात जोडायचे. ग्राहकानं बुकिंग रद्द केलं तर दिलेला इन्सेंटिव्ह परत घेणार का, हेही लिहून घ्यायचं. माझ्या एका मित्राच्या पोराचा दिवाळीचा इन्सेंटिव्ह संक्रांतीच्या पगारातून कापून नेला होता.

शिवाय या धंद्याचं पंचांग असतं. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा-दिवाळीला ऑफिसात उभं राहायला जागा नसते. पितृपक्षात माशा मारायच्या, अधिक महिन्यातही तसंच. मराठवाड्यात त्यावर शेतीचं पंचांग चढतं. कापूस-सोयाबीन विकून हातात पैसा आला की लोक शहरात प्लॉट बघायला येतात, आणि ऐन काढणीत पाऊस झोडपून गेला की ती गिऱ्हाइकं त्या वर्षी येत नाहीत. म्हणून विक्रीच्या नोकरीत फिक्स पगार एवढा तरी हवा की दोन कोरडे महिने खोलीचं भाडं आणि मेस निघेल. 18 हजारांत निघतं का? संभाजीनगरात दोघी-तिघी मिळून राहिल्या तर निघतं. आणि एक फायदा: वेतन 21,000 च्या आत असल्यानं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो. तिच्या पगारातून 0.75 टक्का म्हणजे 135 रुपये जातात, मालक 3.25 टक्के भरतो, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळू शकतात. 30 हजारांच्या नोकरीत ही सोय नव्हती. खेड्यातल्या घरात एका ऑपरेशननं दोन वर्षांची बचत जाते, म्हणून हे 135 रुपये मला त्या तक्त्यातले सगळ्यात वजनदार वाटतात. अर्थात मालक ईएसआय खरंच भरतो का, ते आधी बघायचं.

स्वतःची दलाली करायची, आपल्या भाषेत मेडिएटर व्हायचं, तर महारेराचं प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी लागते. एकट्या व्यक्तीला नोंदणीचं शुल्क 10,000 रुपये. नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून दिला तर दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो.

इथंच एक धोक्याची सूचना, आणि ती मी भाचीला आवाज चढवून दिली. एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, मंजूर लेआउट नाही, नुसत्या बाँडवर, म्हणजे स्टॅम्पपेपरवर, गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट विकणारी ऑफिसं आपल्याकडे आहेत. पगार वेळेवर देतात, मोटारसायकलला पेट्रोल देतात. पण त्या बाँडवर साक्षीदार म्हणून सही ऑफिसातल्या पोरांची असते. पुढं प्रकरण फिसकटलं की मालक सापडत नाही, साक्षीदार सापडतो. अशा ठिकाणी 50 हजार देत असले तरी पेन खिशातच ठेवायचं.

सरकारी, कर्जवाले आणि पुणे

सरकारी नोकरीचं गणित सोपं, मिळणं अवघड. कनिष्ठ अभियंता किंवा नगररचनेतला रचना सहायक यांची वेतनश्रेणी 38,600 ते 1,22,800. स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यकाची 25,500 ते 81,100. यावर महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. म्हाडाचं विभागीय मंडळ संभाजीनगरात आहे, सिडकोनं शहराचा अर्धा नकाशा आखला, पण त्यांच्या भरत्या रोज निघत नाहीत. आणि म्हाडाच्या 565 पदांच्या 2021 च्या भरतीत पेपरफुटीमुळे परीक्षाच ऐनवेळी पुढं ढकलली गेली होती. परीक्षेचा अभ्यास चालू ठेवावा, पण त्यासाठी तीन वर्षं घरी बसावं असं मी सांगणार नाही. घरकुल योजनेच्या कामावर घेतात ते इंजिनिअर कंत्राटी असतात, तिथं पगाराआधी एजन्सीचं नाव विचारावं.

गृहकर्ज कंपन्यांत जायचं असेल तर पगाराची पावती कुणाच्या नावानं निघते तेवढं बघा. कंपनीच्याच नावानं निघाली तर ऑन रोल, मधल्या एजन्सीच्या नावानं निघाली तर ऑफ रोल. शर्ट सारखाच, टाय सारखाच, टार्गेटही सारखंच. मालक मात्र वेगळा.

राहिलं पुणे. 34 ची वर केली तशीच फोड केली तर हातात साधारण 26-27 पडतील. खोलीचं भाडं, मेस, साइटपर्यंतचा प्रवास आणि महिन्यातून एकदा सेलूला येणं-जाणं मांडलं तर तिच्याच हिशेबानं संभाजीनगरपेक्षा महिन्याला सात हजार जास्त खर्च होत होता. संभाजीनगरहून सेलू म्हणजे सरळ रेल्वेचा रस्ता, शनिवारी रात्री आईच्या हातची भाकरी. पैशात पुणे हरतं. पण पैसा हा एकच निकष नाही. तिथं वीस-बावीस मजली टॉवर, अ‍ॅल्युमिनिअमचं शटरिंग, आखीव पद्धतीनं होणारी गुणवत्ता तपासणी बघायला मिळते, आणि बायोडेटावर ते दिसतं. उलट मोठ्या कंपनीत एकच काम दोन वर्षं. सळई मोजायला बसवलं की सळईच.

लहान बिल्डरकडे सगळं करावं लागतं: सकाळी सळईची मोजणी, दुपारी महापालिकेत फाइल, संध्याकाळी ग्राहकाच्या टाइल्सची तक्रार. मी यात एक गोष्ट शिकलो ती पुण्यात शिकता आली नसती. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या जमिनींचं मूळ वेगळं आहे. इनामी जमीन, मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेली जमीन, खासरा पत्रक म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी, कुठं उर्दूतले जुने उतारे. सातबारा स्वच्छ दिसतो आणि मागं इनामाची अट निघते. जागेचा हा इतिहास वाचता येणारा, त्यावर वकिलाशी चार वाक्यं बोलू शकणारा इंजिनिअर मालक सहजी सोडत नाही, आणि त्याचा पगार कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ती फाइल हाताळायला मिळेल का, हा पगाराइतकाच मोलाचा प्रश्न आहे.

जाता जाता नाक्यावरच्या माणसाबद्दल. मिस्त्री, बिगारी, सेंटरिंगवाले यांना सीटीसी नसते, हजेरी असते, किंवा गुत्त्यानं काम. त्यांच्यासाठी बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर गोळा होतो आणि कल्याणकारी मंडळाकडे जातो. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला असेल तर 18 ते 60 वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. हा दाखला देणं हे साइट इंजिनिअरच्या पेनाच्या टोकावरचं काम आहे. भाचीला म्हटलं, तू कुठंही लाग, हे दाखले अडवायचे नाहीत.

शेवटी तिनं स्वतःच्या मनानं वहीत दोन ओळी वाढवल्या, ज्या मला सुचल्याच नव्हत्या. पहिली: साइटवर बायकांसाठी बाथरूम आहे का, आणि त्याला आतून कडी आहे का. दुसरी: स्लॅबच्या दिवशी रात्री अकराला घरी कोण सोडणार. तीस हजारवाल्याला तिनं हे फोनवर विचारलं. तो दोन क्षण गप्प बसला आणि म्हणाला, "मॅडम, आजवर कुणी विचारलं नव्हतं." पुणेवाल्यांकडे याचं उत्तर छापील होतं. महारेराच्या पानावर तीस हजारवाल्याची तारीख एकदाच वाढलीय, पीएफ वेळेवर भरलाय, आणि कडीचं काम तो मंगळवारपर्यंत करून देणार आहे. बुधवारी ती जाऊन बघणार.